नोकरी हीच उद्योगाची पाठशाळा

मराठी तरुण उद्योगात का उतरत नाही, या प्रश्नाला पिढ्यान्‌पिढ्या एकच उत्तर दिले गेले. ते म्हणजे भांडवल नाही. आज हे उत्तर पूर्वीइतके खरे राहिलेले नाही. एप्रिल 2015मध्ये सुरू झालेल्या मुद्रा योजनेत तारणाशिवाय 10 लाख रुपयांपर्यंतचे कर्ज देण्याची तरतूद झाली. ‘तरुण’ गटातील कर्ज घेऊन ते वेळेवर फेडणाऱ्यांसाठी ही मर्यादा 20 लाखांपर्यंत वाढवण्याची घोषणा 2024च्या अर्थसंकल्पात झाली. मार्ग सोपा झाला असे नाही, पण दार बंदही राहिलेले नाही. मात्र कर्ज मंजूर होणे आणि धंदा उभा राहणे यांत मोठे अंतर आहे. हे अंतर पैशाने नव्हे, कौशल्याने भरून काढावे लागते. ते कौशल्य शिकण्याची जागा कोणती? ज्या कार्यालयात वा कारखान्यात हा तरुण आज पगारावर काम करतो, तीच.

आपल्याकडे नोकरी आणि उद्योग ही दोन विरुद्ध टोके मानण्याची सवय जडली आहे. घरातील वडीलधाऱ्यांना नोकरीत सुरक्षितता दिसते. उद्योगाच्या व्यासपीठांवरील वक्ते तिला गुलामगिरी ठरवून टाळ्या घेतात. दोघेही एक गोष्ट विसरतात. नोकरी ही पगार मिळवून देणारी पाठशाळा आहे. प्रश्न इतकाच, की तेथे बसलेला विद्यार्थी शिकतो की नुसती हजेरी लावतो?

लक्ष्मणराव किर्लोस्करांचे उदाहरण या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहे. रंग ओळखण्यातील दोषामुळे त्यांना चित्रकलेचे शिक्षण सोडावे लागले. ते यांत्रिक रेखाचित्रांकडे वळले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. नेमणूक शिकवण्याची होती. पण मोकळ्या वेळात त्यांचे पाय संस्थेच्या कार्यशाळेकडे वळत. यंत्रे कशी चालतात हे त्यांनी तेथे हाताने शिकून घेतले. हक्काची बढती डावलली गेली, तेव्हा नोकरी सोडून ते बेळगावला परतले. सोबत रोष असेल, पण त्याहून मोलाचे होते ते यंत्रांचे ज्ञान. बंधू रामूअण्णांसह त्यांनी सायकलींचे दुकान चालवले, पुढे लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाने जमीन विषारी होते, अशा समजुतीने शेतकरी तो घेईनात. तेव्हा नांगर घडवण्याइतकेच तो पटवून देणेही त्यांना शिकावे लागले. 1910मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली, त्यामागे ही सारी उमेदवारी होती.

दुसरे उदाहरण अलीकडचे. नारायण मूर्तींचा ‘सॉफ्ट्रॉनिक्स’ हा पहिला प्रयत्न फसला. त्यांनी त्याचा बाऊ न करता पटनी कॉम्प्युटर सिस्टिम्समध्ये नोकरी पत्करली. 1981मध्ये तेथील सहकाऱ्यांसह एकूण सात जणांनी इन्फोसिसची स्थापना केली, तेव्हा सुधाताईंनी दिलेले 10 हजार रुपये हेच आरंभीचे भांडवल होते. पण खरी पुंजी वेगळी होती. परदेशी ग्राहकाचे काम कसे करावे आणि सहकाऱ्यांतील कोणाचा भरवसा धरावा, याचे मोल पैशात होत नाही. फसलेल्या उद्योजकाने पुन्हा नोकरी करणे यात कमीपणा नाही, हाही त्यातला धडा.

मग नेमके शिकायचे काय? पिंपरी-चिंचवड किंवा सातपूरच्या कारखान्यात लेथवर काम करणारा तरुण घ्या. सुटा भाग बिनचूक घडवणे त्याला येते. पण कच्चा माल कोणत्या दराने येतो, किती भाग नापास होऊन परत येतात, एका भागावर वीज आणि मजुरी किती पडते, ग्राहकाकडून बिलाचे पैसे कधी मिळतात, हे त्याने कधी विचारलेले असते काय? लघुउद्योगांचे देयक जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे, असे 2006चा कायदा सांगतो. तो काटेकोर पाळला गेला, तरी मधल्या काळात कामगारांचा पगार थांबत नाही. नफा कागदावर आणि गल्ला रिकामा, ही अवस्था अनेक नव्या उद्योजकांचा पहिला घास घेते. हिशेबनिसाशेजारी चार संध्याकाळ बसणाऱ्याला ती आधीच कळते.

दुसरे कौशल्य शब्द पाळण्याचे. सांगितलेल्या दिवशी काम देणे आणि ते जमणार नसेल तर आधी कळवणे, एवढ्यानेही माणूस सहकाऱ्यांत उठून दिसतो. तिसरे कौशल्य विक्रीचे. स्वतःच्या मालाची किंमत तोंडाने सांगण्याचा संकोच हे मराठी माणसाचे जुने दुखणे. चिडलेल्या ग्राहकाची तक्रार शांतपणे ऐकून तोडगा काढण्याचे काम कार्यालयात सारे टाळतात. ते मागून घेणाऱ्याचा हा संकोच गळून पडतो. हे गुण नोकरीत बढती देतात आणि उद्योगात तगवतात.

येथे एक मर्यादा स्पष्ट असायला हवी. मालकाच्या वेळेत स्वतःचा धंदा करणे, त्याची ग्राहकयादी वा आराखडे घेऊन बाहेर पडणे ही उद्योजकता नव्हे, विश्वासघात आहे. शिकलेले ज्ञान आपले. सोपवलेला ऐवज मालकाचा. जो ज्या घरी शिकला त्या घराशी प्रामाणिक राहतो, त्याला पुढे तोच जुना मालक पहिली ऑर्डर देऊ शकतो.

मालकांचेही येथे कर्तव्य आहे. कामगार शिकला तर सोडून जाईल, या भीतीने त्याला एकाच यंत्राशी जखडून ठेवणारा कारखाना स्वतःही खुरटतो. शिवाय नोकरीची शाश्वती आता पूर्वीसारखी उरलेली नाही. कंत्राटी पद्धत वाढली आहे, कार्यालयातील ठरावीक कामे संगणकीय बुद्धिमत्ता करू लागली आहे. केवळ नेमून दिलेले तेवढेच करणाऱ्याची जागा सर्वांत आधी धोक्यात येईल.

प्रत्येकाने नोकरी सोडावी, असे मुळीच नाही. प्रत्येकाने ती अशी करावी, की उद्या सोडायची वेळ आली, स्वेच्छेने वा नाइलाजाने, तर हात रिकामे नसावेत. पगार महिनाअखेरीस संपतो. शिकलेली विद्या संपत नाही.