घरचे आरोग्य : भाजलेली जखम आणि हटवादी जंतू

दिवाळी अंक हाती पडला की वाचक आधी विनोदी चित्रे पाहतात, मग गोष्टी वाचतात, राशिभविष्याकडे चोरून एक नजर टाकतात आणि फराळाचे ताट रिकामे झाल्यावर उरल्या वेळात आमच्या या पानाकडे वळतात. तक्रार नाही. परंतु याच चार दिवसांत चकलीची कढई कलंडते, भुईनळा हातातच उडतो, पोरीच्या नव्या परकराला पणती लागते. तेव्हा या खेपेस भाजण्याविषयीच बोलू.

भाजले की घरात धावाधाव होते ती डब्यांकडे. कुणी हळद आणते, कुणी तूप, कुणी टूथपेस्ट. पूर्वी तर दौतीतली शाई ओतीत. यांतले काहीएक नको. नळाखाली धरून किंवा तांब्याने साधे गार पाणी, तेही घड्याळ लावून वीस मिनिटे. बर्फ नको. सूज चढण्यापूर्वी अंगठ्या-बांगड्या काढाव्यात, फोड फोडू नयेत, धुतलेल्या सुती कापडाने जखम सैलसर झाकावी आणि दवाखाना गाठावा.

येथवर पुष्कळ गृहिणींना ठाऊक असते. घोटाळा होतो तो पुढे. आमच्या अहमदपुरासारख्या तालुक्याच्या गावी लातूर काय, नांदेड काय, मोठे सरकारी रुग्णालय साठ-सत्तर किलोमीटरवर. मग 'एवढ्याशाला कशाला जायचे' म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातून अँटिबायोटिकच्या चार कॅप्सूल येतात. दोन पोटात जातात, दोन फडताळात राहतात. खरे पाहता नुसते भाजले म्हणून, जंतुदोष नसताना, अशी औषधे द्यावयाची नसतात. गंमत अशी की ती जेथे हवीत तेथे पोचतही नाहीत. खोल भाजलेली कातडी मेलेली असते, तिच्यातल्या रक्तवाहिन्या बंद झालेल्या असतात. पोटात घेतलेले औषध रक्तातून यायचे. रक्तच नाही तर औषध येणार कोठून?

जंतूंना मात्र ही मेलेली कातडी म्हणजे आयते वाढलेले पान. पहिल्या तासांत जखम बहुधा निर्जंतुक असते. एक-दोन दिवसांत केसांच्या मुळाशी दडलेले स्टॅफिलोकॉकस वर येतात. आठवडाभरात आतड्यातले आणि रुग्णालयातले पाहुणे दाखल होतात. त्यांत स्युडोमोनास हा मोठा चिवट. ओल्या मोरीत, नळाच्या तोंडाशी राहतो. त्याचा पू हिरवट आणि वास द्राक्षासारखा गोडसर. दुसरा ॲसिनेटोबॅक्टर, तो कोरड्या खाटेवरही दिवसेंदिवस तग धरतो. हे चिकट पडद्याआड वसती करतात, आणि औषधाला तोंड देण्याची युक्ती एकमेकांना, अगदी परजातीच्या जंतूलाही, देऊन टाकतात. माणसांत एवढी उदारता कोठे!

एके काळी चित्र वेगळे होते. 28 नोव्हेंबर 1942 रोजी बोस्टनच्या 'कोकोनट ग्रोव्ह' या नाचघराला आग लागून 492 माणसे गेली, तेव्हा भाजलेल्यांसाठी नवलाईचे पेनिसिलिन धाडण्यात आले. आपल्याकडे 1954 साली पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना स्थापन झाला. अपुऱ्या मात्रेने जंतू निर्ढावतात, हा इशारा पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या फ्लेमिंगनेच 1945 साली नोबेल भाषणात देऊन ठेवला होता. आज पाळी अशी आली आहे की मूत्रपिंडाला अपाय करते म्हणून बाजूला सारलेले कोलिस्टिनसारखे जुने औषध डॉक्टरांना पुन्हा काढावे लागते. निवडक प्रभावी अँटिबायोटिक्स विकताना दुकानदाराने नोंदवहीत रुग्णाचे व डॉक्टरचे नाव लिहावे, असा नियम 1 मार्च 2014 पासून लागू आहे. आपल्या दुकानात ती वही कुणी पाहिली आहे काय?

अहमदपुराहून लातूर, तुळजापूर ओलांडून सोलापूर गाठावे. तेथील वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी 1991 साली भाजलेल्या 104 रुग्णांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. निम्म्यांना मधाची पट्टी, निम्म्यांना नेहमीचे चांदीयुक्त मलम. मधाच्या गटातील 91 टक्के जखमा सात दिवसांत निर्जंतुक झाल्या, मलमाच्या गटात अवघ्या 7 टक्के. हे आकडे मला जरा जास्तच गोड वाटतात. तरी मध्यम प्रतीच्या भाजण्यात मधाचा गुण पुढे इतरांनीही मान्य केला. मध पाणी ओढून घेतो, आंबटसर असतो, थोडे हायड्रोजन पेरॉक्साइड सोडतो; एकाच वेळी इतक्या बाजूंनी मार बसला की जंतूला पळवाट काढणे जड जाते. मात्र तो मध निर्जंतुक केलेला हवा, स्वयंपाकघरातल्या बाटलीतला नव्हे.

मला कौतुक वाटते ते पुढच्या गोष्टीचे. याच डॉक्टरांनी 1999 साली मधाची तुलना शस्त्रक्रियेशी केली, आणि मेलेली कातडी लवकर काढून तेथे रुग्णाचीच त्वचा बसवणे मधापेक्षा सरस, असे स्वतःच जाहीर केले. भाजलेली जखम जितकी लवकर झाकली जाईल तितकी जंतूंना जागा कमी, असे हे साधे गणित आहे. औषध लागलेच तर जखमेतला नमुना तपासून, कोणता जंतू कशाला बधतो ते पाहून द्यावे. त्यासाठी दोन-तीन दिवस लागतात, म्हणून नातेवाइकांनी डॉक्टरला 'भारी इंजेक्शन द्या' म्हणून घायकुतीला आणू नये. खाटेभोवती दहा जणांचा गराडा घालू नये, हात धुतल्यावाचून रुग्णाला शिवू नये.

फार भाजलेल्याच्या अंगावर स्वतःची कातडीच पुरेशी उरत नाही. तेव्हा दुसऱ्याची त्वचा तात्पुरती पांघरतात. मुंबईच्या शीव रुग्णालयात 2000 साली त्वचापेढी सुरू झाली. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत मांड्या व पाठीवरचा कागदासारखा पातळ थर काढतात, चेहऱ्याला हात लावीत नाहीत. रक्तगट जुळवावा लागत नाही, आणि ग्लिसरॉलमध्ये ती त्वचा पाच वर्षांपर्यंत टिकते. नेत्रदानाला चटकन होकार देणारी घरे त्वचेचे नाव निघाले की अजून बिचकतात.