पराभव खेळता येत नाही

मराठीच्या प्राध्यापकांसमोर 'व्हिडिओ गेम' हा शब्द उच्चारला की दोनच प्रतिक्रिया उमटतात, असा आमचा अनुभव आहे. पहिली नाक मुरडण्याची. मुले वाचत नाहीत, याचे खापर फोडण्यासाठी हे एक डोके सदैव हाताशी असते. दुसरी प्रतिक्रिया अलीकडची, भारावून जाण्याची: वाचकच आता लेखक झाला, संहिता मुक्त झाली, निवेदकाची सत्ता संपली, इत्यादी. दोन्ही पक्षांतील बहुतेकांनी एकही खेळ शेवटपर्यंत पाहिलेला नसतो, एवढे मात्र त्यांच्यात साम्य आहे. आमचे म्हणणे दोघांच्याही विरुद्ध जाते. असा खेळ ही एक संहिता आहे, म्हणून ती वाचली पाहिजे. आणि ती नीट वाचली, की तिच्या मुक्तपणाविषयीचे सारे गोडवे आपोआप ओसरतात.

उदाहरण धारणीचे घेऊ. अमरावतीहून परतवाडा, तेथून घाट चढून सेमाडोह, हरिसाल करीत मेळघाटच्या जंगलातून धारणी गाठायची, म्हणजे जवळपास दीडशे किलोमीटरचा प्रवास. इथे घरात कोरकू, बाजारात हिंदी आणि वर्गात मराठी अशी विद्यार्थ्याची रोजची तीन भाषांतली ये-जा असते. याच तालुक्यातील हरिसाल 2016 साली 'डिजिटल गाव' म्हणून गाजले होते. तेव्हा 'तिकडच्या मुलांना कुठले आले असले खेळ' हा शहरी अचंबा आता पुरे झाला. आम्ही पाहिले ते असे: भाड्याच्या खोलीत पत्र्याच्या पेटीवर ठेवलेला जुना लॅपटॉप, भोवती चार डोकी आणि पडद्यावर 'मोटोजीपी 22'. बाहेर ज्या मोटारसायकलवर तिघे बसून आठवडी बाजाराला येतात, ती वेगळी. ही ताशी तीनशे किलोमीटरच्या पलीकडे धावणारी.

मिलानच्या माइलस्टोन कंपनीने 2022 च्या एप्रिलमध्ये आणलेल्या या खेळात 'नाइन' नावाचा एक स्वतंत्र भाग आहे. 2009 चा मोटोजीपी हंगाम हा त्याचा विषय. व्हॅलेंटिनो रॉसीचे नववे जगज्जेतेपद, म्हणून हे नाव. मोटारसायकल शर्यतींवर माहितीपट करणारे मार्क नील हे त्याचे दिग्दर्शक. रॉसी, लोरेन्झो, स्टोनर आणि पेड्रोसा हे चार नायक. त्या हंगामाची खरी दृश्ये निवेदनासह दाखवली जातात, मग चित्रफीत थांबते आणि तोच प्रसंग खेळाडूच्या हाती येतो. समोर एक उद्दिष्ट लिहिलेले असते. ते गाठले की कथा पुढे सरकते.

14 जून 2009 ची बार्सिलोना येथील शर्यत घ्या. अखेरच्या फेरीत लोरेन्झो पुढे, रॉसी मागे. शेवटच्या वळणावर, जिथे कोणी ओलांडून जाईल अशी अपेक्षा नव्हती तिथे, रॉसी आतल्या बाजूने घुसला आणि 0.095 सेकंदांनी जिंकला. धारणीच्या त्या खोलीत हे वळण आमच्यासमोर कितीतरी वेळा घेतले गेले. ब्रेक उशिरा लागला, गाडी रेतीत गेली, पुन्हा. लवकर लागला, लोरेन्झो निसटला, पुन्हा. अखेर जमले आणि खोलीत एकच जल्लोष झाला. त्या गदारोळात मागे बसलेल्या एकाने विचारले, "सर, त्या दुसऱ्याला काय वाटलं असंल हो?" त्याचे उत्तर देण्याआधीच पुढची चित्रफीत सुरू झाली होती. आमच्या मते त्या संध्याकाळी खोलीत वाचनाची कृती एकच घडली, आणि ती खेळणाऱ्याने केलेली नव्हती.

आता ज्याला मुक्त संहिता म्हटले जाते तिच्याकडे पाहा. खेळाडूला स्वातंत्र्य आहे ते चुकण्याचे. चूक झाली की ती पुसली जाते आणि त्याला पुन्हा त्याच वळणावर उभे केले जाते. इतिहासात जे घडले ते त्याच्या बोटांनी बरोबर घडेपर्यंत. आपल्या परिचयाचा अत्यंत हेकट सर्वज्ञ निवेदकही वाचकावर इतकी सक्ती करीत नाही.

विश्वास पाटलांची 'पानिपत' ही 1988 ची कादंबरी हाती घेणाऱ्या प्रत्येकाला 14 जानेवारी 1761 चा निकाल ठाऊक असतो. तरीही तो वाचतो. भाऊसाहेब जिंकावेत असे त्याला प्रत्येक प्रकरणात वाटत राहते आणि ते जिंकणार नाहीत हेही तो जाणून असतो. या दोन जाणिवांच्या ताणातच ऐतिहासिक कादंबरीचा वाचक घडतो. आपल्या भाषेने तर तो पराभव वाक्प्रचारातच मुरवून ठेवला आहे. परीक्षेत, निवडणुकीत, शेतीत, कुठेही सर्वनाश झाला की 'पानिपत झाले' असे आपण म्हणतो. पराभव असा जपणाऱ्या भाषेतील वाचकाला एक गोष्ट चटकन उमगायला हवी: 'नाइन'सारख्या खेळात पराभव दाखवता येतो, सांगता येतो, पण खेळता येत नाही. खेळाच्या व्याकरणात पराभवाचे एकच रूप आहे, 'पुन्हा प्रयत्न करा'.

म्हणूनच 2009 च्या हंगामातील जे सर्वांत अर्थपूर्ण, तेच खेळाच्या हाताबाहेर राहते. त्या वर्षी केसी स्टोनर सततच्या थकव्याने खचला आणि ब्रनो, इंडियानापोलिस व मिझानो या तीन शर्यतींना मुकला. आजार नेमका कोणता, हे तेव्हा उमगत नव्हते आणि त्याच्या मनोधैर्यावर जाहीर शंका घेतल्या गेल्या. पुढे या थकव्याचे कारण दुधातील शर्करा न पचणे हे असल्याचे समोर आले. परतल्यावर त्याने ऑस्ट्रेलिया आणि मलेशिया येथील शर्यती जिंकल्या. परंतु मधले ते आठवडे, पलंगावर पडून आपली जागा रिकामी असल्याचे पाहणे, यासाठी कुठले बटण दाबायचे? किंवा मार्को मेलांद्रीचे पाहा. जागतिक मंदीत कावासाकीने जानेवारी 2009 मध्ये अंग काढून घेतले. उरलेल्या तुटपुंज्या सामग्रीवर 'हायाते' नावाने एकुलती एक गाडी उतरली, आणि मे महिन्यात ल मॉंच्या पावसाळी शर्यतीत तिच्यावर मेलांद्री दुसरा आला. हंगामाची खरी कादंबरी इथे आहे. पण वर्षअखेरीचा हिशेब रॉसी 306, लोरेन्झो 261 असा मांडला, की चार नायकांच्या या गोष्टीत अशा माणसाला फार तर तळटीप मिळते.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा, की याच खेळात कारकीर्द घडवण्याचा भागही आहे, तिथे निकाल बांधलेला नसतो. मान्य. पण तिथे मग तो हंगामही उरत नाही, फक्त नावे आणि रंग उरतात. एकीकडे बदलता न येणारा इतिहास, दुसरीकडे इतिहास नसलेला बदल. या दोहोंच्या मधली जागा, जिथे 'असे का घडले' हा प्रश्न उभा राहतो, ती दोन्हीकडे रिकामीच आहे. दुसरा आक्षेप, की खेळाला खेळच राहू द्या, त्यावर समीक्षेचे ओझे कशाला? यॉन हाउझिंगा यांनी 1938 साली 'होमो लुडेन्स'मध्ये संस्कृतीची मुळे खेळात शोधली आणि एस्पेन आर्सेथ यांच्या 1997 च्या 'सायबरटेक्स्ट'ने अशा संहितांचा विचार साहित्याच्या शेजारी बसवला. त्यालाही आता पिढी उलटली. आमच्याकडे मात्र हे नाव उच्चारणारे पुष्कळ आणि खेळ उघडून बसणारे विरळा.

प्रतिमा आणि वास्तव यांचे नाते विद्यार्थ्यांना समजावण्यासाठी आपण कुठल्या कुठल्या परकीय ग्रंथांचे दाखले देतो. एक दाखला आपल्याच देशातला आहे. 'मोटोजीपी 23' हा पुढचा खेळ 8 जून 2023 रोजी आला आणि त्यात ग्रेटर नोएडाचे बुद्ध सर्किट होते. त्या मार्गावरची पहिली खरी मोटोजीपी शर्यत झाली 24 सप्टेंबरला. म्हणजे प्रतिकृती आधी, मूळ नंतर! आणि मूळ घडले तेव्हा त्यात असे काही आले जे प्रतिकृतीत नव्हते: ऊन. उष्म्यामुळे 24 फेऱ्यांच्या 21 कराव्या लागल्या. मार्को बेझेकी जिंकला, आणि दुसऱ्या आलेल्या होर्हे मार्टिनची अंगातले पाणी आटून अवस्था बिकट झाली. वऱ्हाडातल्या मे महिन्यात परीक्षेला बसलेल्या कुठल्याही मुलाला हे सांगावे लागत नाही. पडद्यावरच्या स्वाराला तहान लागत नाही, हे वाक्य त्यानेच आपल्या निबंधात लिहिले असते. आपण त्याला तशी संधी दिली असती तर.

आणि इथे आमचा रोख स्वतःकडे वळतो. खेळाला नाक मुरडणारे आपण वर्गात काय करतो? 'मृत्युंजय'मधील कर्णाचे स्वभावचित्रण सांगा, असा प्रश्न काढतो. गाइडमधले सहा मुद्दे हे उद्दिष्ट ठरवतो. आणि विद्यार्थ्याला त्या मुद्द्यांवर पुनःपुन्हा नेऊन उभे करतो. मुद्दा सुटला, गुण गेला; पुन्हा. कर्णाचा राग येतो असे लिहिणाऱ्याची गाडी रेतीत गेलीच म्हणून समजा. ज्याच्या घरी कोरकू बोलली जाते, त्याला तर दुसऱ्याच्या भाषेत तिसऱ्याचे मत जसेच्या तसे उतरवायचे असते, आणि ते उतरले की आपण म्हणतो, मुलगा मराठी शिकला. 'नाइन' आणि आपली उत्तरपत्रिका यांत फरक एवढाच, की खेळात निदान पुन्हा प्रयत्नाला फी भरावी लागत नाही.

आमची मागणी त्यामुळे साधी आहे. हा खेळ अभ्यासक्रमात घाला असे आम्ही म्हणत नाही. अभ्यासक्रमात गेलेल्या गोष्टीचे काय होते ते आम्हाला ठाऊक आहे. एक दिवस तो लॅपटॉप वर्गात आणा. एकाला खेळू द्या, बाकीच्यांना पाहू द्या. बार्सिलोनाचे ते वळण सुटले की पुढची चित्रफीत लावू नका. मग शेजारी 'पानिपत' ठेवा आणि धारणीच्या त्या मुलाचा प्रश्न फळ्यावर लिहा: त्या दुसऱ्याला काय वाटले असेल? उत्तर कोरकूत आले तरी चालेल. ते समजून घेण्यासाठी पुन्हा पुन्हा प्रयत्न करण्याची पाळी एकदा आपल्यावर येऊ द्या.