पदवीधरांचे ग्रंथ कोणासाठीं?

विद्यापीठांतून बाहेर पडलेले पदवीधर व तेथें शिकविणारे अध्यापक हल्लीं पुष्कळ पुस्तकें लिहितात. त्यांच्या याद्या वेळोवेळीं प्रसिद्ध होतात, आणि त्या वाचून कोणासही अभिमान वाटावा. आम्हांसही वाटतो. परंतु यादी खालीं ठेवली म्हणजे एक प्रश्न मनांतून जात नाहीं. हीं पुस्तकें कोणीं वाचावीं म्हणून लिहिलीं आहेत? अर्थशास्त्र, कायदा, शेतकी यांवरील भारदस्त ग्रंथ बहुधा इंग्रजींत असतात; आणि किंमत अशी कीं, लहान गांवच्या वाचनालयानें तीं चार पुस्तकें घेतलीं तर वर्षाची शिल्लक संपावी.

आमच्या वकिलीच्या अनुभवांतील एक गोष्ट सांगतों. 1 जुलै 2017 पासून वस्तु व सेवा कर सुरू झाला, त्यानंतर पेठेंतील एक किराणा व्यापारी नोटीस घेऊन आमच्याकडे आले. गृहस्थ हुशार, तीस वर्षें स्वतःची कीर्द-खतावणी स्वतः लिहिणारे. ते म्हणाले, "वकीलसाहेब, नोटिशीचें उत्तर तुम्ही लिहा, पण हा कर मुळांत कां आणला आणि त्याचा बोजा शेवटीं कोणावर पडतो, हें समजेल असें पुस्तक मला द्या." आमच्या कपाटांत प्राध्यापकांनीं लिहिलेलीं तीन पुस्तकें होतीं. तिन्ही इंग्रजी. गृहस्थ नमस्कार करून गेले.

मुंबई विद्यापीठ 1857 सालीं स्थापन झालें. त्याच्या ग्रंथालयाकरितां कापसाच्या व्यापारांत पुढें आलेल्या प्रेमचंद रायचंद यांनीं दोन लक्ष रुपये दिले, आणि मनोऱ्याकरितां आपल्या आईच्या, राजाबाईंच्या, नांवानें आणखी दोन लक्ष. तेव्हां, आपल्यास वाचतां येईल असा ग्रंथ विद्यापीठाकडे मागण्याचा व्यापारी वर्गास हक्क पोंचतो. आज तर विद्यापीठांचा खर्च चालतो तो सर्वांच्याच करांतून.

आम्ही इंग्रजीचे शत्रू नाहीं. डॉ. भीमराव आंबेडकर याच विद्यापीठाचे पदवीधर. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ 1923 सालीं लंडन येथें इंग्रजींत निघाला. राज्यकर्ते व तज्ज्ञ यांच्याशीं वाद घालावयाचा होता, तेव्हां तें योग्यच होतें. पण ज्यांच्यासाठीं ते झगडत होते त्यांच्याशीं बोलण्यास त्यांनीं 1920 सालीं 'मूकनायक' आणि 1927 सालीं 'बहिष्कृत भारत' हीं पत्रें मराठींतच काढलीं. इरावतीबाई कर्वे यांनीं भारतांतील नातेसंबंधांच्या रचनेवर 1953 सालीं इंग्रजींत शास्त्रीय ग्रंथ लिहिला, आणि महाभारतावरील 'युगान्त' लिहावयास घेतलें तें मराठींत. तें आधीं मराठी वाचकांच्या हातीं पडलें, इंग्रजी वाचकांस मागाहून मिळालें. राजवाड्यांचा बाणा याहून कडवा. बी. ए. झालेला हा विद्वान् इंग्रजींत लिहिण्यास तयारच नसे. मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड त्यांनीं मराठींत काढले. एवढा कडवेपणा सर्वांनीं धरावा असें आम्ही म्हणत नाहीं.

मग आजचा अध्यापक मराठीकडे कां वळत नाहीं? सगळा दोष त्याच्या माथीं मारणें अन्यायाचें होईल. विद्यापीठ अनुदान आयोगानें 2018 सालीं अध्यापकांच्या नेमणुका व बढत्या यांसंबंधीं जे नियम केले, त्यांत आंतरराष्ट्रीय प्रकाशकानें काढलेल्या पुस्तकास 12 गुण ठरविले, राष्ट्रीय प्रकाशकाच्या पुस्तकास 10, आणि भाषांतरित ग्रंथास 8. मराठी म्हणून कोठें गुण कापलेले नाहींत, हें खरें; पण आंतरराष्ट्रीय प्रकाशक सहसा मराठी पुस्तक काढीत नाहीं, हेंही तितकेंच खरें. पुस्तक किती लोकांनीं वाचलें, याचा या हिशेबांत रकानाच नाहीं. राजवाडे आज अर्ज घेऊन गेले असते तर बावीस खंडांची गाठोडी घेऊन ते कोणत्या रांगेंत उभे राहिले असते, कोण जाणे!

मराठींत पारिभाषिक शब्द नाहींत, ही सबब आतां पुरे. हुंडी, तारण, गहाण, दर्शनी, मुदती, खतावणी हे शब्द कोणा समितीनें घडविले नाहींत, व्यवहारानें घडविले. जो विषय मराठींत बोललाच जात नाहीं, त्याला शब्द येणार कोठून? 3 ऑक्टोबर 2024 रोजीं मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा आनंद सर्वांनीं केला. तो मान पूर्वजांच्या ग्रंथांमुळें मिळाला. आमच्या पदवीधरांच्या ग्रंथांचा त्यांत वांटा किती, हें ज्याचें त्यानें पाहावें.

विद्यापीठाच्या चालकांस आमची मागणी साधी आहे. सार्वजनिक पैशावर झालेल्या प्रत्येक मोठ्या संशोधनाबरोबर शंभर पृष्ठांचें एक मराठी पुस्तक त्याच लेखकाकडून घ्यावें, आणि त्यास परदेशीं छापलेल्या पुस्तकाइतकेच गुण द्यावे. व्यापारी बंधूंसही सांगणें आहे. असें पुस्तक निघालें तर पेढीगणिक पांच प्रती विकत घ्या; एक घरीं ठेवा, चार गांवच्या वाचनालयांस द्या. पहिलें पुस्तक वस्तु व सेवा करावर असावें, अशी आमची सूचना आहे. त्या किराणा व्यापाऱ्यांस आम्ही तें अद्यापि देणें लागतों.