घरचं विमान बांधा, पण पंखा जुगाडाचा नको!



'मला पंख असते तर...' हा निबंध आपण सगळ्यांनीच कधी ना कधी लिहिला आहे. माझं मत विचाराल तर आता 'पंख' या शब्दाला एक काना जोडून 'पंखा' हा विषयसुद्धा मुलांना द्यायला हवा. पंखा म्हणजे छोट्या विमानाच्या नाकावर गरगर फिरणारा प्रोपेलर. शीव कोळीवाड्यातल्या मुलांना हा शब्द परका नाही. होडीच्या प्रोपेलरलाही पंखाच म्हणतात.

कांदिवलीच्या चारकोपमध्ये कॅप्टन अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. फेब्रुवारी २०१६ मध्ये बीकेसीतल्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ते लोकांनी पाहिले. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली आणि उड्डाणाची परवानगी मिळायला २०१९ उजाडले. यादव स्वतः वैमानिक. तरीही इतकी वर्षे लागली. वर्गात ही गोष्ट सांगताना आपण गच्चीचे आणि जिद्दीचे कौतुक करतो, पण मधली तपासणी सांगायची राहून जाते.

दुसरी घटना दुःखद आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगी गावात २४ वर्षांचा एक तरुण स्वतः बनवलेल्या हेलिकॉप्टरची चाचणी घेत होता. मागचा पंखा तुटून मोठ्या पंख्यावर आदळला, त्याचं पातं डोक्याला लागलं आणि तो गेला. विमान वेगळं, हेलिकॉप्टर वेगळं, हे खरं. पण फिरणाऱ्या पात्याचा नियम दोन्हीकडे एकच. त्याच्या हुशारीला कोणी नावं ठेवू नयेत. प्रश्न असा आहे की, अशा मुलांना आपण टाळ्या देतो, पण पात्याचं गणित कधी देतो का?

हे गणित दहावीच्या मुलाला सहज जमेल, बघा. पंख्याचा व्यास १.८ मीटर आणि फेरे मिनिटाला २,५०० धरा. पात्याचे टोक सेकंदाला सुमारे २३५ मीटर, म्हणजे ताशी ८५० किलोमीटरच्या आसपास धावते! विमान जागेवर उभे असले तरी. आता त्या टोकाला १० ग्रॅमचा तुकडा आहे असे समजा. तो बाहेरच्या दिशेने ६० किलोपेक्षा जास्त वजनाइतका ओढ घेतो. मग एखादा बोल्ट ढिला असेल किंवा पात्याला चीर असेल तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको.

पंखा निवडताना 'मोठा तेवढा चांगला' हा समज आधी सोडावा. टोकाचा वेग ध्वनीच्या वेगाजवळ गेला की आवाज वाढतो आणि ओढ कमी होते. म्हणूनच जोरात फिरणाऱ्या छोट्या इंजिनांना गिअरबॉक्स लावून पंख्याचे फेरे कमी करतात. दुसरी गोष्ट पिच. स्क्रू एका फेऱ्यात लाकडात किती आत जातो, तसाच पंख्याचा एका फेऱ्यातला हिशोबी पल्ला म्हणजे पिच. पिच कमी असेल तर विमान पटकन वर चढते, जणू रिक्षाचा पहिला गिअर. पिच जास्त असेल तर लांबच्या प्रवासात वेग मिळतो, पण धावपट्टी जास्त लागते. थोडक्यात काय, तर पंखा इंजिनाला आणि विमानाला जुळायला हवा. दुसऱ्याचा चष्मा स्वस्तात मिळाला म्हणून आपण डोळ्यांवर लावतो का?

आता निगा. लाकडी पंखा हलका असतो आणि हादरे पचवतो, पण मुंबईच्या पावसाळ्यात लाकूड फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. त्यामुळे बोल्टची घट्टाई ठरावीक काळाने टॉर्क पान्याने तपासावी लागते. दोन पात्यांचा लाकडी पंखा आडवा ठेवून विमान उभे करावे, म्हणजे ओल एकाच पात्यात उतरत नाही. धातूच्या पंख्याचा शत्रू म्हणजे खडा. खड्याने पडलेली नखाएवढी खाच पुढे चीर बनते. म्हणून ती जाणकाराकडून वेळीच गुळगुळीत करून घ्यावी. खडी असलेल्या जागी इंजिनाचा वेग वाढवू नये. पात्याचे टोक धरून विमान ढकलू नये. आणि सर्वात महत्त्वाचे म्हणजे, बटण बंद असले तरी पंखा जिवंत आहे असेच समजून वागावे. तारेत दोष असेल तर हाताने फिरवलेला पंखाही इंजिन चालू करू शकतो.

काही जण म्हणतील, "सर, एवढे नियम सांगितले तर मुलं विमान बनवायलाच घाबरतील." मला तसं वाटत नाही. मोठा तुफानी असला तरी होडी नेण्याआधी कोळी बांधव पंखा आणि इंजिन बघून घेतो. ती भीती नव्हे, ती समुद्राची जाण आहे. आकाशाचीही तशीच जाण हवी.

आपल्याकडे 'जुगाड' हा शब्द कौतुकाने वापरला जातो. पाण्याच्या नळाला, सायकलच्या कॅरिअरला जुगाड चालेल. तुटला तर फार तर कपडे भिजतील, दप्तर पडेल. फिरणारे पाते मात्र दुसरी संधी देत नाही. म्हणून विज्ञान प्रदर्शनात एखादा विद्यार्थी पंख्याचे मॉडेल घेऊन आला की, "उडतं का रे?" हे नंतर विचारा. आधी विचारा, "बाळा, हे पातं कशाचं आहे, किती फेऱ्यांवर फिरतं आणि तू ते शेवटचं कधी तपासलंस?"

या तीन प्रश्नांची उत्तरं ज्याच्याकडे असतील, त्याच्या विमानाला खुशाल टाळ्या वाजवा.