अडीच मिलिमीटर

आधीच सांगून टाकते, मी कॉन्व्हेंटवाली. 'साडेसेहेचाळीस' म्हणजे नक्की किती, हे या लेखासाठी मला रूममेटला विचारावं लागलं. तिने आधी पोटभर हसून घेतलं आणि मग सांगितलं. तेव्हा शुद्धलेखन संपादक मंडळाच्या भरवशावर. पण हाच लेख इंग्लिश विभागात दिला असता तर मेसमध्ये ज्यांच्याशी माझं भांडण झालं त्यांनी तो वाचलाच नसता, आणि मग लिहिण्यात काय मजा!

भांडण कॅमेऱ्याचं. माझ्याकडे निकॉनचा डी३३०० होता, मामाने बारावीनंतर दिलेला. इंटर्नशिपचे पैसे आले आणि मी जाहीर केलं की आता अपग्रेड करणार, सेकंडहॅंड डीएसएलआरच घेणार. झालं! भाजी बाजूला राहिली आणि टेबलाचे दोन पक्ष झाले. एक म्हणे कॅनन ८०डी घे, अख्ख्या फोटो क्लबकडे कॅनन आहे. दुसरा म्हणे निकॉनच ठेव, त्याचा सेन्सर मोठा असतो. तिसऱ्या टेबलावरून एक ज्ञानी सीनिअर ओरडला, "डीएसएलआर मेलाय, मिररलेस घे!" (पैसे तू देणार का रे?)

सेन्सरचं आधी निकालात काढू, कारण ते सोपं आहे. निकॉन डी७२०० चा सेन्सर साधारण २३.५ गुणिले १५.६ मिलिमीटर. कॅनन ८०डी चा साधारण २२.५ गुणिले १५. क्षेत्रफळ काढा, फरक आठ-नऊ टक्क्यांचा. एवढ्यासाठी आम्ही पाऊण तास भांडलो.

आता दुसरं गणित. जानेवारीतल्या गॅदरिंगला माझी मैत्रीण लावणी करणार होती आणि तिने मला बजावून ठेवलं होतं, "फोटो तूच काढायचेस." किट लेन्स पूर्ण झूमवर एफ/५.६ च्या वर उघडत नाही. स्टेजवरचा तो पिवळा उजेड, आयएसओ ३२००, तरी शटर १/३० सेकंद. तिचे हात हातासारखे न दिसता टेबलफॅनसारखे दिसतात. माझ्या बॅगेत बाबांची ५० एमएम एफ/१.८ होती. ५.६ भागिले १.८, त्याचा वर्ग करा : साडेनऊ पटीहून जास्त प्रकाश! म्हणजे त्याच उजेडात १/२५० सेकंद आरामात. मेसमध्ये आम्ही आठ-नऊ टक्क्यांवर भांडत होतो आणि साडेनऊ पट माझ्या बॅगेत पडून होते.

मग लावली का नाही ती लेन्स? लावली ना! पण ती आहे जुनी 'डी' प्रकारातली. तिच्यात मोटर नाही. निकॉनच्या जुन्या पद्धतीत मोटर बॉडीत असते आणि माउंटमधल्या एका छोट्या स्क्रूने ती लेन्सचा फोकस फिरवते. स्वस्त बॉड्यांमधून निकॉनने ही मोटर २००६ साली डी४० पासून काढून टाकली. माझ्या डी३३०० मध्येही नाही. त्यामुळे लेन्स बसते, फोटो निघतो, पण फोकस हाताने. त्या कॅमेऱ्याच्या इवल्याशा व्ह्यूफाइंडरमध्ये, नाचणाऱ्या मुलीवर, एफ/१.८ ला! सगळ्यात शार्प काय आलं माहितेय? मागच्या पडद्यावरचं कॉलेजचं नाव. मैत्रीण काही बोलली नाही. तिने प्रोफाइलला दुसऱ्याच कुणीतरी मोबाइलवर काढलेला फोटो लावला.

माझं म्हणणं एवढंच आहे. आपण कॅमेरा घेतो असं आपल्याला वाटतं, पण प्रत्यक्षात आपण एक माउंट घेत असतो, म्हणजे बॉडीच्या तोंडावरची ती धातूची कडी. पुढे कोणाच्या लेन्स आपल्या उपयोगी पडणार, ते ती कडी ठरवते. बॉडी चार-पाच वर्षांत जुनी होते. काचा राहतात.

आणि ही कडी भलतीच हट्टी असते. लेन्स आपल्या माउंटपासून ठरावीक अंतरावरच स्पष्ट प्रतिमा पाडते. निकॉनच्या एफ माउंटला हे अंतर ४६.५ मिलिमीटर (तेच ते साडेसेहेचाळीस), कॅननच्या ईएफला ४४. फरक अडीच मिलिमीटर. म्हणून निकॉनची लेन्स कॅननच्या बॉडीवर अडीच मिलिमीटरची पातळ रिंग घालून बसवता येते (फोकस अर्थात हाताने). पण कॅननची लेन्स निकॉनवर नुसत्या रिंगने नाही बसत. ती अडीच मिलिमीटर आत जायला हवी आणि आत जायला जागाच नाही. रिंग लावलीच तर जवळचं दिसेल, लांबचा डोंगर काही फोकस होणार नाही. त्यातून निकॉनची लेन्स एका दिशेने फिरवून बसते, कॅननची उलट्या. झूमची रिंगसुद्धा उलटी फिरते. क्लबचा कॅनन हातात घेतला की माझ्याकडून दर वेळी झूम इनच्या जागी झूम आउट होतं.

इथे बाबांचा विषय निघणं भाग आहे. त्यांचा सिन्नरला छोटा फोटो स्टुडिओ होता. लग्नं, मुंजी, पासपोर्ट साइझ. ते ज्यांच्याकडे काम शिकले त्या काकांकडे कॅननच्या एफडी लेन्स होत्या, पै पै जमवून घेतलेल्या. १९८७ साली कॅननने ऑटोफोकससाठी नवा ईएफ माउंट आणला आणि जुना एफडी सोडून दिला. एफडीचं अंतर ४२ मिलिमीटर, ईएफचं ४४. पुन्हा तोच प्रकार, लेन्स दोन मिलिमीटर आत जायला हवी. काकांच्या सगळ्या लेन्स नव्या बॉड्यांसाठी परक्या झाल्या. बाबांनी तेव्हाच ठरवलं की आपण निकॉन घ्यायचा, कारण निकॉनने १९५९ पासून माउंट बदललेला नाही. एफ८० हा फिल्मचा कॅमेरा आणि त्यावर ५० आणि ८५ एमएमच्या दोन लेन्स, एवढ्यावर त्यांनी स्टुडिओ चालवला. तो बंद झाला तेव्हा बॉडी विकली. लेन्स ठेवल्या.

लहानपणापासून ही गोष्ट ऐकून मला कॅनन म्हणजे व्हिलन वाटायचा. पण आता मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, तर जरा प्रामाणिकपणे बघू. कॅननने १९८७ मध्ये एकदाच वाईटपणा घेतला. ईएफमध्ये मोटर प्रत्येक लेन्समध्येच आणि बॉडीशी सगळा संवाद विजेच्या संपर्कांतून. परिणाम? १९८७ ची ईएफ लेन्स कॅननच्या ॲडॅप्टरवर आजच्या आरएफ मिररलेसवर लावली तरी ऑटोफोकस होते. निकॉनने कोणाला दुखवलं नाही, कडी तीच ठेवली आणि आतल्या आत एकेक गोष्ट बदलत गेले. स्क्रू, मग लेन्समध्ये मोटर, मग स्वस्त बॉडीतून स्क्रू गायब. कडी बसते, काम होत नाही. २०१८ मध्ये निकॉनने झेड मिररलेस आणला तेव्हा त्यांच्या एफटीझेड ॲडॅप्टरमध्येही ती मोटर दिली नाही, म्हणजे बाबांच्या लेन्स तिथेही हाताने फिरवा. 'आमच्यात सगळे सामावतात' म्हणणाऱ्या काही घरांसारखं हे. पान वाढलेलं असतं, पण वाढायला कोणी येत नाही.

इंजिनिअर म्हणून विचाराल तर कॅननचा निर्णय बरोबर होता. हे लिहिताना सिन्नरच्या दिशेला बघायची हिंमत होत नाहीये.

आणि तरीही मी निकॉन डी७२०० घेतला.

त्यात मोटर आहे, स्क्रू आहे, बाबांच्या दोन्ही लेन्स त्यावर पळतात. शटर दीड लाख क्लिकपर्यंत तपासलेलं असतं, माझ्या पिसचे एकतीस हजार झालेत. मेगापिक्सेल मात्र जुन्याइतकेच, चोवीस. "मग अपग्रेड काय केलंस?" रूममेटने विचारलं. बरोबर आहे. कागदावर काहीच नाही.

मिररलेसवाल्या सीनिअरचं म्हणणंही खोटं नाही. २०२० नंतर निकॉन आणि कॅनन दोघांनीही नवा डीएसएलआर काढलेला नाही. सोनीने मिनोल्टाकडून आलेला ए माउंट २०२१ मध्ये थांबवला. (पेंटॅक्स अजून डीएसएलआर बनवतं, पण आपल्या होस्टेलमध्ये एकाकडेही नाही, तेव्हा तो विषय राहू दे.) पण सगळे मिररलेसकडे पळताहेत म्हणूनच तर माझ्यासारखीला अशी बॉडी परवडते! पुढचं पुढे बघू. चार वर्षांनी नोकरी लागेल तेव्हा ही बॉडी जुनी झालेली असेल, पण तशी ती कुठलीही झाली असती.

आता कोणी म्हणेल, ही स्वतःच्या बाबांच्या लेन्स आहेत म्हणून निकॉनची वकिली करतेय. अजिबात नाही. ज्यांच्या घरच्या कपाटात काही नाही त्या फर्स्ट इयरवाल्यांनी डोळे मिटून क्लबच्या कपाटाकडे बघावं. तिथे कॅननच्या लेन्स आहेत, तर कॅनन घ्या. फुकट वापरायला मिळणाऱ्या लेन्ससमोर सेन्सरची टक्केवारी काय चाटायची आहे? आणि ज्यांना शॉर्ट फिल्म करायच्यात त्यांनी तर ८०डी सारखाच घ्यावा. कॅननचा ड्युअल पिक्सेल ऑटोफोकस व्हिडिओत चेहऱ्यावर जसा अलगद सरकतो, तसं डी७२०० ला मुळीच जमत नाही. तो लाइव्ह व्ह्यूमध्ये मागेपुढे चाचपडत बसतो, पहिल्या व्हायव्हाला मी जशी.

फक्त एक लक्षात ठेवा. क्लबमध्ये ७०-२०० एकच आहे आणि गॅदरिंगच्या संध्याकाळी ती सहा जणांना हवी असते. रजिस्टर बघा, गेल्या वर्षी एकाच दिवशी तिच्यापुढे सहा सह्या आहेत आणि त्यातल्या दोन खोडलेल्या. फॅकल्टी इन्चार्ज सर हे वाचत असतील तर विनंती अशी की बजेटमध्ये आणखी एक बॉडी घेण्यापेक्षा एक-दोन साध्या ५० एमएम घ्या. आपल्याकडे बॉड्या पुष्कळ झाल्यात सर, उजेड कमी पडतोय.

बाबांना मी घेण्याआधी फोन केला होता. मला वाटलं खूश होतील. ते म्हणाले, "अगं, सगळे कॅनन वापरतात तर तोच घे. माझ्या लेन्ससाठी अडून बसू नकोस. जुन्या झाल्यात त्या." मग थोडा वेळ थांबून, "८५ च्या रिंगमध्ये बुरशी नाही ना लागली? गेल्या पावसाळ्यात उन्हात ठेवली नव्हती." आता याचा अर्थ काय काढायचा तुम्हीच सांगा.

कॅमेरा आला त्या रात्री साडेअकराला मी ५० लावली, ॲपर्चरची रिंग एफ/२२ वर लॉक केली (नाही केली तर स्क्रीनवर एरर येते, हेही बाबांनीच सांगितलं होतं) आणि शटर अर्धं दाबलं. घर्र...र्र! ती जुनी मोटर भरपूर आवाज करते. रूममेट दचकून उठली आणि जे काही बोलली ते मासिकात छापता येणार नाही. मी तोच आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून बाबांना पाठवला, खाली काहीच न लिहिता. सकाळी उत्तर आलेलं : "५० ची. ८५ चा आवाज याहून जाड आहे."

ता. क. : डी३३०० विकायचा आहे, किट लेन्ससकट. कंडिशन उत्तम, एकच मालकीण. तुमच्याही बाबांच्या जुन्या लेन्स असतील तर मात्र घेऊ नका. का, ते वर लिहिलंय.