लग्नविधी कसा आखावा

विधी नोंदणी पद्धतीचा की धार्मिक, हा लग्नाच्या आखणीतला पहिला प्रश्न. प्रत्यक्षात तो शेवटी विचारला जातो. आधी पुण्याच्या डी. पी. रस्त्यावरचे लॉन अडवायचे, मग केटरर, मग मेंदीवाली, आणि पत्रिका छापायला टाकताना गुरुजींची आठवण. हा क्रम पुढे अंगाशी येतो, कारण तारीख आणि कागदपत्रे दोन्ही विधीवर अवलंबून असतात.

विशेष विवाह कायदा, 1954 प्रमाणे लग्न करायचे तर दोघांपैकी एकाचे, जिथे नोटीस द्यायची त्या जिल्ह्यात, किमान 30 दिवस वास्तव्य लागते. विवाह अधिकाऱ्याला लेखी नोटीस द्यायची. ती फलकावर लागते आणि हरकतींसाठी 30 दिवस थांबावे लागते. नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न झाले नाही, तर नोटीस नव्याने द्यावी लागते. 10 डिसेंबरला लग्न धरले असेल, तर नोटीस ऑगस्टात देणे फार लवकर आणि नोव्हेंबरच्या मध्याला देणे फार उशिरा.

समारंभाचे स्वरूप मात्र कायद्याने मोकळे सोडले आहे. विवाह अधिकारी आणि तीन साक्षीदारांसमोर, उभयतांना कळणाऱ्या कोणत्याही भाषेत, एकमेकांचा कायदेशीर पती व पत्नी म्हणून स्वीकार केल्याचे वाक्य दोघांनी उच्चारायचे, एवढीच अट. जादा शुल्क भरून अधिकाऱ्यांना वाजवी अंतरावरच्या मंगल कार्यालयातही बोलावता येते. ‘कोर्ट मॅरेज’ म्हटले की दोन हार आणि पेढ्यांचा पुडा डोळ्यांपुढे येतो (कोर्टाचा त्यात काही संबंधही नसतो). पण या पद्धतीत अंतरपाट धरायला किंवा आजीने ओवाळायला कोणाचीच आडकाठी नाही.

हिंदू विवाह कायदा, 1955 मध्ये नोटीस नाही, पण विधी लागतो. दोघांपैकी कोणत्याही एका पक्षाच्या रूढीप्रमाणे तो व्हावा, आणि त्या रूढीत सप्तपदी असेल तर सातवे पाऊल पडताच विवाह पूर्ण होतो, असे सातवे कलम सांगते. नुसत्या नोंदणीच्या दाखल्याने या कायद्याखाली विवाह होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये स्पष्ट केले. या चौकटीत बाकीचा तपशील घराघराने ठरवायचा असतो.

तो ठरवण्याचे दोन जुने नमुने पुण्यातच आहेत. पूर्वीचे हिंगणे बुद्रुक ज्यांच्या नावाने आज कर्वेनगर झाले, त्या धोंडो केशव कर्वे यांनी 11 मार्च 1893 रोजी पुण्यात गोदूबाई या विधवेशी लग्न केले. कुमारिकेच्या लग्नात जे मंत्र आणि विधी पुरेसे, तेच विधवेच्या लग्नालाही पुरेसे, हे 1856 च्या विधवाविवाह कायद्याने आधीच सांगून ठेवले होते. विधी जुनाच राहिला. त्याचा अधिकार कोणाला, हे बदलले, आणि तेवढ्यावर कर्व्यांच्या मुरुड गावच्या गावकऱ्यांनी बहिष्कार घातला. महात्मा फुल्यांचा मार्ग याच्या उलट. 24 सप्टेंबर 1873 रोजी सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि त्याच वर्षी 25 डिसेंबरला त्या पद्धतीचे पहिले लग्न भटजींशिवाय लागले. फुल्यांनी रचलेल्या मंगलाष्टकांत वधू स्त्रियांचे हक्क मागते आणि वर तसे वचन देतो. 1887 मध्ये त्यांनी हा पूजाविधी छापूनही दिला.

आजच्या बहुतेक घरांना या दोहोंच्या मधले काहीतरी हवे असते. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीच्या पद्धतीने मंत्रांचा मराठी अर्थ सांगत लग्न लावले जाते आणि पौरोहित्य स्त्रियाही करतात. सप्तपदी तर आपले शब्द घालायला फारच सोयीची. पावलांचे हेतू ठरलेले आहेत: अन्न, बळ, धन, सुख, संतती, ऋतू आणि सख्य. प्रत्येक मंत्रानंतर वधूने एक आणि वराने एक मराठी वाक्य बोलले, तर विधी मोडत नाही आणि लांबतही नाही. उतारवयातल्या लग्नात पाचव्या पावलाला दोन्हीकडच्या मोठ्या मुलांचा उल्लेख शोभतो. मंगलाष्टके लिहिण्याची हौस मराठी घरांत जुनीच आहे. शार्दूलविक्रीडिताच्या ओळीत 19 अक्षरे आणि बाराव्यावर विसावा. सगळ्या आत्यांची नावे कोंबली की वृत्त लंगडते आणि अक्षता संपतात. चार कडवी पुरेत, आणि ती माईकवर कोणी म्हणायची हे आदल्या दिवशी ठरवून घ्यावे.

खरी अवघड बोलणी वेगळीच असतात. वधूची किंवा वराची आई विधवा असेल, तर देवकाला तिच्याऐवजी काका-काकूंना बसवण्याची चाल अजून दिसते. कर्व्यांच्या नावाच्या वस्तीत तरी हा प्रश्न उरायला नको होता. आईनेच बसायचे, असे ठरवून गुरुजींना आधी सांगितले, तर बरेच गुरुजी तयार होतात. नकार मिळाला तर दुसरे शोधायला वेळ राहतो. कन्यादान वगळायचे किंवा कानपिळीबरोबर मानपानही कमी करायचे, तर तेही दोन्ही घरांनी एकत्र बसून ठरवावे. गुरुजींच्या हातात पळी असताना हा वाद काढू नये.

ठरलेला क्रम एका पानावर लिहून गुरुजी, करवली, मामा आणि कार्यालयाचे व्यवस्थापक यांना द्यावा. संध्याकाळचा समारंभ असेल तर लॉनवरचा ध्वनिक्षेपक रात्री 10 ला बंद करावा लागतो, म्हणून भाषणे जेवणाआधी उरकावीत.

धार्मिक विवाहाची नोंदणी महाराष्ट्राच्या 1998 च्या कायद्यानुसार 90 दिवसांत करायची असते. पुणे महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात ती होते. दोघांची वयाची व पत्त्याची कागदपत्रे, लग्नाची पत्रिका आणि तीन साक्षीदार लागतात. अर्जावर पुरोहितांची सहीही लागते. ती दक्षिणा देतानाच घेऊन ठेवावी, नाहीतर पुढच्या मुहूर्तांत ते सापडत नाहीत.