थांब गं आजी, आलेच!

गेल्या वीकेंडला आजोळी, यवतमाळला गेले होते. आजी फुल फॉर्मात! शकुंतलेची गोष्ट रंगली होती. शकुंतला म्हणजे यवतमाळ ते मूर्तिजापूर ११३ किलोमीटर धावणारी नॅरोगेज गाडी. १९९४ पर्यंत तिला मँचेस्टरचं १९२१ सालचं वाफेचं इंजिन ओढायचं. आता गाडी बंद, गोष्टी चालू.

‘‘दारव्ह्याले गाडी थांबली अन्...’’

तेवढ्यात माझा मोबाईल. एडिटर! ‘‘थांब गं आजी, आलेच.’’ फोन संपतो तोच मेल, मेल वाचता वाचता मैत्रिणीच्या लग्नाचे फोटो... पाऊण तास गायब!

शेजारी इंजिनीअरिंगवाला मामेभाऊ कॅल्क्युलेटरचा प्रोग्रॅम लिहीत बसला होता. म्हणाला, ‘‘ताई, तुझा स्टॅक बिघडलाय.’’

स्टॅक म्हणजे ताटांची चळत. शेवटी ठेवलेलं ताट आधी निघतं. आपलं लाडकं ‘अनडू’ असंच चालतं. आणि २ + ३ × ४ चं उत्तर २० नाही, १४ येतं तेही ह्याच्याच जोरावर. आकडे सरळ पुढे जातात, चिन्हं स्टॅकमध्ये थांबतात. अधिक आधी आत जातं, त्याच्यावर गुणिले. बाहेर येताना गुणिले आधी, अधिक नंतर. ही युक्ती एड्सगर डाइक्स्ट्रा ह्या डच संगणकतज्ज्ञाची, १९६१ ची. नाव काय, तर ‘शंटिंग यार्ड’! एका बाजूनं बंद असलेल्या रुळावर शेवटी ढकललेला डबा आधी बाहेर काढावा लागतो ना, तसंच.

‘‘पण खरी गंमत पुढेच,’’ भाऊ म्हणाला. ‘‘एक काम अर्धवट टाकून दुसरं घ्यायचं झालं, की प्रोग्रॅम आधी स्टॅकवर लिहून ठेवतो, परत कुठे यायचंय. दुसरं संपलं की बरोब्बर तिथेच येतो. कामावर काम चढतच गेलं, परत फिरणं झालंच नाही, तर स्टॅक ओव्हरफ्लो. प्रोग्रॅम क्रॅश!’’

बॉस, हे तर आपलंच वर्णन! दिवसभर आपण नुसतं चढवत जातो. सगळ्यात आधी ठेवलेलं, सगळ्यात आपलं, तळाशीच राहतं. दर खेपेला मी आजीची गोष्ट दारव्ह्याला सोडून पुण्याची गाडी पकडलीय. आणि आजी आता ८४ ची आहे.

फोन सायलेंटवर टाकला. ‘‘आजी, कुठे होतो आपण?’’

तिनं क्षणभरही विचार केला नाही. ‘‘झालं का वं तुयं? हां, तर दारव्ह्याले गाडी थांबली अन्...’’

तिचा स्टॅक अजून एकदम शाबूत आहे!